नवव्या फेरीचा बोर्ड

यवतमाळ
११ नोव्हेंबर २०२५

श्री. किसनसिंग राठोड यांस,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं. ही वेळ मी घड्याळात बघून लिहून ठेवली आहे. नंतर कुणी ती पुढेमागे करू नये.

त्या मिनिटाला माझी भाची निशिगंधा मनवर देशात पहिली होती. चेन्नईच्या ट्रॅकवर हंगामाची शेवटची शर्यत, दहापैकी नऊ फेऱ्या संपलेल्या, सव्वीस जणांत ती एकटी मुलगी आणि ती सगळ्यांच्या पुढे. पहिल्या तिघांत आली असती तरी राष्ट्रीय अजिंक्यपद तिचं होतं. माझ्या घरात सात माणसं टीव्हीपुढे बसली होती. माझा भाऊ धम्मरत्न बोरी अरबहून एसटीने आला होता. मुलगी मोटारसायकलची शर्यत खेळते म्हणून ज्याने दोन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तो बाप त्या दिवशी पहिल्यांदा तिची शर्यत बघत होता.

आणि ती सरळ उठून बसली. डावा हात वर केला. गाड्या एकेक करून तिच्या बाजूने निघून गेल्या. शेवटची फेरी तिने कशीबशी पुरी केली. चौदावी.

संध्याकाळी तिचा फोन आला. "किसनसिंगकाकांनी बोर्डावर शून्य दाखवलं, आत्या. मला वाटलं, संपली शर्यत."

तो बोर्ड काय असतो ते तुम्हीच मला समजावलं होतंत. हेल्मेटमध्ये कुणाचा आवाज पोहोचत नाही. भिंतीवरून हात लांब करून धरलेली काळी पाटी आणि तिच्यावरचे पिवळे आकडे: तू कितवी, मागचा किती दूर, फेऱ्या किती उरल्या. बस, एवढंच तिच्या कामाचं. "शीलाबाई, बोर्ड धरनारा म्हंजे तिचे डोये," असं तुम्ही माझ्या ओट्यावर चहा पिताना म्हणाला होतात. एकच्या जागी शून्य लावणारे हे डोळे काय कामाचे?

नऊ वर्षांची असताना ती पुसदला तुमच्या गॅरेजमधल्या लुनावरून पडली आणि डाव्या हाताचं हाड मोडून घेतलं, तेव्हाही तुम्ही मान खाली घालून म्हणालात, चूक माझी. तेव्हा मी ऐकून घेतलं. आता घेणार नाही.

काय झालं, कसं झालं, ते आठ दिवसांत लिहून कळवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही "हो बाई" म्हणता आणि त्याचा मागमूस कुठे राहत नाही.

शीला मनवर
(निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ)


पुसद
१५ नोव्हेंबर

शीलाबाई, जय भीम, जय सेवालाल.

तुमचं पत्र भेटलं. चूक माही हाय. शून्य माह्याच हातानं लागला. टीमनं तिथंच गळ्यातला पास काढून घेतला, त्याईचंबी बराबर हाय. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो न घरी आलो.

कसं झालं म्हून इचारता, तं काय सांगू. झालं. मले लिहाची आदत नाई.

एक इनंती हाय. पोरीले घरी बोलवा. दोन-तीन महिने गाडीवर बसू देऊ नका. टीमवाले काई म्हनो. तुमी बोलावलं तं येईन ते. माह्यं आता ते काहून आयकन.

पोरीईच्या वर्गाची मीटिंग कवा हाय ते कळवजा. दोन जुने इंजिन खोलून, धुऊन ठेवले हायेत शिकवाले.

किसनसिंग


यवतमाळ
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निशी,

गुन्हा कबूल झाला आहे. सोबत किसनसिंगच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. कसा झाला, हे मात्र महाशयांना सांगता येत नाही. "झालं," म्हणे! मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात फिल्म काढल्या. एखादी फिल्म काळी निघाली तर "झालं" असं मी डॉक्टरांना सांगितलं असतं का?

आणि वर मला सल्ला, की पोरीला दोन-तीन महिने गाडीवर बसू देऊ नका. म्हणजे स्वतःची नोकरी गेली तर हिनेही घरी बसावं. या माणसाच्या पोटात इतकं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी दोन कामं केली. पहिलं: तुझ्या टीमला रजिस्टर पत्र पाठवलं. माझ्या भाचीचं अजिंक्यपद तुमच्या माणसाच्या बेपर्वाईने गेलं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या जागेसाठी तिचा विचार करताना ही शर्यत धरू नये, असं स्पष्ट लिहिलं. दुसरं: मुलींना दुचाकी दुरुस्ती शिकवण्याचा जो वर्ग आमची समिती जानेवारीत सुरू करते आहे, त्याच्या शिक्षकाच्या जागेवरून किसनसिंगचं नाव काढायला लावलं. अध्यक्ष भगवानराव कुरकुरले, "बाई, तिले गाडी त्यानंच शिकवली ना?" मी म्हटलं, "शिकवलंही त्यानेच आणि हरवलंही त्यानेच. ठरावात दोन्ही लिहा." ठराव एकमताने झाला. वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या.

तुझ्या बाबांचं एक ऐक. ते परत जाताना स्टँडवर मला विचारतात, "शीला, शर्यत संपली नाही हे कळल्यावर तिनं गाडी पुन्हा पळवली काहून नाही?" मी म्हटलं, तू आयुष्यभर एसटीची तिकिटं फाडलीस, तुला काय कळतं? माणसाला धक्का बसतो. पण तुझ्याबद्दल त्यांनी विचारलं, हेच मला पुष्कळ वाटलं.

आता पुढचं बघू. २०२३ ला पहिल्याच वळणावर पडून तुझं गळ्याचं हाड मोडलं, टीमने तुला सोडलं, आणि वर्षभर तू अमरावतीला शोरूममध्ये स्कूटर विकत उभी राहिलीस. तिथून वर आलीस ना? यातूनही येशील. २२ डिसेंबरला तुझी वैद्यकीय तपासणी आहे. जूनमध्ये मोडलेल्या उजव्या मनगटाची ताजी फिल्म मला आधी पाठव. ऑगस्टमध्ये "हाड जुळलं" असं तू फोनवर सांगितलंस, पण मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आणखी एक. तुझी पत्रं अलीकडे छापून का येतात? आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर बेनेडिक्टा छापील पत्र न वाचता परत करायच्या. हाताने लिहीत जा.

तुझी आत्या


चेन्नई
२५ नोव्हेंबर २०२५

आत्या, सप्रेम जय भीम.

छापूनच पाठवते आहे, रागावू नको. जिम, सराव, टीमच्या मीटिंगा यांतून वेळ मिळत नाही, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे.

टीमला पत्र कशाला पाठवलंस? इथे मॅनेजर साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सगळे हसत होते. "तुझी आंटी वकील आहे का?" म्हणाले. आत्या, खरंच, आता कुणाला काही लिहू नको. तो विषय इथे संपलाय.

आणि काकांचा वर्ग काढून घ्यायला नको होता. मी तुला तसं करायला सांगितलं नव्हतं. चूक कुणाच्याही हातून होते. त्यांच्यावर मी रागावलेली नाही, हे त्यांना कळव. मी स्वतः फोन करणार होते, पण राहून गेलं.

चांगली बातमी सांगू? टीम पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत दोन जण उतरवणार आहे. एक जागा ठरली, दुसऱ्या जागेसाठी मी आणि कोइम्बतूरचा एक मुलगा. मॅनेजर साहेब म्हणाले, "बोर्डाची चूक होती म्हणून तुझं नाव अजून यादीत आहे. तू स्वतः ढिली पडली असतीस तर नसतं." म्हणजे बावीस तारखेची तपासणी झाली की सही. आत्या, मलेशिया, थायलंड, जपान! पुसदच्या गॅरेजमध्ये स्टुलावर उभी राहून मी या ट्रॅकची चित्रं भिंतीला चिकटवायची, आठवतं? मी चोवीस वर्षांची आहे. या खेळात अशी जागा दुसऱ्यांदा कुणी देत नाही.

फिल्मचा फोटो मोबाइलवर पाठवला आहे. बघ, हाड कसं छान जुळलंय. डॉक्टर म्हणाले, अगदी नव्यासारखं.

बाबांना म्हणावं, शर्यतीचं तुम्हाला नंतर समजावून सांगीन.

तुझी निशी


यवतमाळ
१ डिसेंबर २०२५

किसनसिंगभाऊ,

हे पत्र भांडायला लिहीत नाही. तीन प्रश्न विचारायला लिहिते आहे. त्याआधी मी काय पाहिलं ते वाचा.

निशीने तिच्या उजव्या मनगटाच्या फिल्मचा फोटो पाठवला. हाड सुरेख आहे. मनगटात काजूच्या आकाराचं एक हाड असतं, जूनमध्ये तेच मोडलं होतं. त्याला रक्त कमी पोहोचतं, म्हणून ते जुळायला फार त्रास देतं. या फोटोत त्याच्यावर साधी रेघसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या निंबाळकरीणबाईंना बोलावून दाखवलं.

त्यांना दाखवताना माझं बोट करंगळीकडे गेलं. करंगळीच्या खालचं हाड जरा वाकडं जुळलेलं आहे. बाहेरच्या बाजूला गाठ आहे.

भाऊ, ती गाठ मला ओळखू येते. नऊ वर्षांच्या रडणाऱ्या पोरीचा हात टेबलावर धरून ती फिल्म मी स्वतः काढली होती. तुम्ही दाराशी उभे होतात. तो तिचा डावा हात होता. फोटो आरशासारखा उलटा फिरवून, कोपऱ्यातली डाव्या-उजव्याची खूण कापून, तिने मला चांगल्या हाताची फिल्म मोडक्या हाताची म्हणून पाठवली. मला! दर फिल्मवर ती खूण स्वतःच्या हाताने ठेवण्यात माझी चौतीस वर्षांची नोकरी गेली.

मग मी शर्यत पुन्हा लावली. चार वेळा पाहिली. आता उत्तरं द्या.

१. ती उजव्या हाताने काय करू शकते?
२. नवव्या फेरीला बोर्डावर काय होतं?
३. तिने हात वर का केला?

तुम्ही पुन्हा "चूक माही" एवढंच लिहिलंत, तर मी पुसदची बस पकडून तुमच्या दुकानात येऊन बसेन आणि गिऱ्हाइकांसमोर विचारीन. तुम्ही मला ओळखता.

शीला


पुसद
५ डिसेंबर

शीलाबाई, जय भीम.

तुमी येऊ नका, मी लिहितो. नातीले बसवून लिहून घेनार होतो, मंग वाटलं, तिले कायले हे समजू द्याचं. म्हून माह्याच हातानं लिहून राह्यलो. अक्षर पाहून हसू नका.

पयले माही चूक सांगतो, खरीवाली. सप्टेंबरपासून मले मालूम होतं. तिचं हाड जुळलंच नाई. डॉक्टरनं आपरेशन सांगतलं होतं, कमरेचं हाड काढून मनगटात बसवाचं, सहा महिने गाडी बंद. ते म्हने, काका, चारच शरती उरल्या, मी पयल्या नंबरावर हावो, आत्याले सांगतलं तं ते उद्याच येईन न मले उचलून नेईन. मी दर शरतीच्या आंधी तिच्या मनगटाले पट्टी बांधत जावो, हातमोज्याच्या आतून, कोनाले दिसू नये म्हून. दोनदा वाटलं का तुमाले फोन लावावा. लावला नाई. तुमी मले जे बोलले ते या गोष्टीसाठी बोलले असते तं मी चुपचाप आयकलं असतं.

आता तुमचे सवाल. चाबी फिरवता येते, चमचा धरता येते. पेन धरलं तं पाच मिनिटांत बोटं सुन्न होतात. समोरचा ब्रेक उजव्या हातानं दाबा लागते. आठव्या फेरीपासून मले दिसून राह्यलं होतं का ते वळनाआंधी लवकर ब्रेक मारून राह्यली.

नवव्या फेरीले बोर्डावर एक होता. मी बोर्ड कवाच चुकवला नाई, बाई. एकदाबी नाई.

तिसरं. तुमाले वाटलं, तिनं जिंकलो म्हून हात वर केला. टीव्हीवाल्याईलेबी तसंच वाटलं असन. ट्रॅकवर हात वर म्हंजे जिंकनं नसते. हात वर म्हंजे, माही गाडी मंद होऊन राह्यली, मांगच्यानं बाजूनं निघा, माह्यावर येऊ नका. तिची बोटं ब्रेकवर बंदच होत नव्हती. ते उठून बसली का हवेनं गाडी थोडी थांबन. पोरीनं मांगच्या पंचवीस जनाईचा जीव वाचवला त्या वक्ती, हे मी कोनाले सांगू शकलो नाई.

ते पिटात, टीमच्या गाळ्यात, आली. हेल्मेट काढलं नव्हतं. मॅनेजर धावत आला, काय झालं, काय झालं. ते म्हने, "बोर्डवर शून्य होता." माह्याकडं पाह्यलं नाई. आमचं काई ठरलेलं नव्हतं, बाई. तिनं मले इचारलं नव्हतं. मी पाठ फिरवली न बोर्डावरचा एक काढून शून्य लावला. मॅनेजरनं येऊन पाह्यलं तं शून्यच होता.

तिनं मले आंधी म्हनलं असतं, काका, तुमचं नाव घेऊ का, तं मी म्हनलो असतो, घे. दहा डाव घे. पन तिनं न इचारता घेतलं, न तवापासून एक फोन नाई.

इथं चौकात पोट्टे इचारतात, "काका, किती फेऱ्या उरल्या?" एकानं शटरवर खडूनं मोठा शून्य काढला. मी पुसला नाई. लुनाच्या वक्तीबी किक तिनंच मारली होती, मी तं आत चहा पीत होतो. पन तवा ते नऊ वर्साची होती.

तुमी टीमले काई कळवू नका. तिची जागा जाईन. मी बासष्ट वर्साचा हावो, माह्यं काय.

किसनसिंग


चेन्नई
१० डिसेंबर २०२५

आत्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. "करंगळी बघितली. किसनसिंगभाऊंनी सगळं लिहिलं. तुला काय म्हणायचं आहे?" आणि खाली सही. मला वाटलं होतं तू शिव्या देशील. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

मला काय म्हणायचं आहे? ऐक मग.

मी खोटं बोलले. तुझ्याशी, टीमशी, आणि काकांबद्दल. ते माझ्या तोंडून निघून गेलं. हेल्मेटच्या आत मी रडत होते, हात जड झाला होता, आणि मॅनेजर साहेब विचारत होते. हात म्हटलं असतं तर मी त्याच क्षणी संपले असते. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, काकांना फोन करावा. पण काय बोलू? तिसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. मग तू ठराव केलास, पेपरात छापून आणलंस, आणि परत यायचा रस्ताच राहिला नाही. तो ठराव माझ्या सांगण्यावरून नव्हता, आत्या. तो तुझा होता.

आणि आता मी विचारते. २०२२ ला कोइम्बतूरला मी पहिल्यांदा जिंकले, तेव्हा तू दवाखान्यात वॉर्डावॉर्डात पेढे वाटलेस. २०२३ ला गळ्याचं हाड मोडलं, तेव्हा फोनवर तुझा पहिला प्रश्न होता, "किती आठवडे?" जूनमध्ये मनगट मोडलं. पुन्हा, "किती आठवडे?" दुखतंय का, असं तू कधी विचारलंस? तू फिल्म मागतेस. माझा हात कधी मागितलास का? तुला सांगितलं असतं तर तू मला उचलून नेलं असतंस, किंवा पट्टी काकांपेक्षा घट्ट बांधून दिली असतीस. यातलं नेमकं काय केलं असतंस, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून सांगितलं नाही.

डावा हात पुढे करून तपासणी निभावता येते. इथे एकाने निभावली आहे. एक हंगाम, आत्या. मग ऑपरेशन करीन. काकांची माफी मी जपानहून आल्यावर त्यांच्या पायाशी बसून मागीन.

तू गप्प बसलीस तर सगळं होईल. एवढंच म्हणायचं आहे.

निशी


यवतमाळ
१३ डिसेंबर २०२५

निशी,

"किती आठवडे" हे मी विचारलं. दोन्ही वेळा. तू लिहिलंस म्हणून मला आठवलं नाही, ते मला पाठच होतं. मी तुझ्या मनगटापेक्षा कॅलेंडर जास्त बघितलं. घट्ट पट्टी बांधून दिली असती का, याचं उत्तर मी पत्र मिळाल्यापासून शोधते आहे, आणि "नाही" असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. माझ्या वाटणीचं जे आहे ते मी घेतलं. आता तुझं.

काल मी पुसदला जाऊन आले. त्यांनी येऊ नका म्हटलं होतं, तरी गेले. शटरवरचं शून्य अजून तसंच आहे. मी रुमाल काढला तर किसनसिंगभाऊ म्हणाले, "राहू द्या बाई, तुमच्या पुसल्यानं नाई जाईन." आत दोन इंजिनं स्वच्छ धुऊन, वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेली. मी त्यांची माफी मागितली. ते चहा आणायला उठून गेले.

भगवानरावांना मी लेखी कळवलं की किसनसिंग राठोड यांच्यावरचा आरोप मी काही न तपासता केला आणि तो मागे घेते. ठराव रद्द झाला. पण भाऊ वर्गावर यायला तयार नाहीत. म्हणतात, "बोर्ड चुकवनारा मास्तर म्हून पोरी हसतीन. तुमी मागं घेतलं म्हून काय झालं, बोलली तं ते होती." बरोबर आहे त्यांचं. आरोप मी पसरवला, पण तो जन्माला घातलास तू. तो माझ्या सहीने मरत नाही. मी कारण लिहिलेलं नाही. ते सांगणं तुझं काम आहे.

आता तुझ्या हाताबद्दल. जूनची फिल्म मी पुन्हा काचेवर लावली. भाऊ सांगतात त्यावरून हाडाचा वरचा तुकडा मरायला लागला असणार. अजून एक हंगाम ब्रेक दाबलास तर मनगट खचेल. मग मोटारसायकल सोड, पोळीचं पीठ मळता येणार नाही. आणि ते तुझ्याच हातावर भागेल असं नाही. नोव्हेंबरमध्ये तू हात वर करू शकलीस, कारण पुढे मोकळा रस्ता होता. पुढच्या वेळी पुढे कुणी असेल. त्यालाही कुठे तरी आत्या असेल.

तुझ्या टीमच्या डॉक्टरांना जूनची फिल्म आणि तुझा उलटा फोटो एका पाकिटात घालून पाठवला, तर दोन दिवसांत सगळं मिटेल. पाकीट पाठवणार नाही. मी एकदा तुझ्या वतीने लिहिलं आणि एका माणसाचं नाव घालवलं. पुन्हा तुझ्या वतीने लिहिणार नाही. आणि तू म्हणतेस तशी गप्पही बसणार नाही, म्हणून तुलाच लिहिते.

माझ्याशी खोटं बोललीस, ते मी कधी तरी गिळेन. चौतीस वर्षांच्या नोकरीला उलटा फोटो दाखवलास, तेही. पण तुझ्या गाडीमागे बासष्टाव्या वर्षी परगावी वणवण करणाऱ्या माणसाला न विचारता तू भिंतीवरून खाली ढकललंस, आणि तो पडताना बोर्डावरचा आकडासुद्धा तुझ्यासाठी बदलत होता. हे जपानहून येऊन पायाशी बसल्याने फिटेल, असं तुला वाटतं. त्यांचे पाय तोवर पुसदच्या चौकातूनच ये-जा करणार आहेत.

तुझे बाबा इथे आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे मी इचारलं ते बरोबर होतं." मग म्हणाले, "आपरेशनला मी येतो. रजा काढतो." तुझ्या बापाने तुझ्यासाठी रजा काढायची गोष्ट केली, निशी. हे मी तुला वाकवायला लिहीत नाही. घडलं म्हणून लिहिते.

तुला हवं ते कर. चोवीस वर्षांची आहेस. हाताची तपासणी डावा हात पुढे करून निभाव, नाही तर सांगून टाक आणि ऑपरेशनला ये. मी स्ट्रेचरबरोबर चालत येईन आणि या वेळी आठवडे विचारणार नाही. तुझी जागा जाईल की राहील, हे मला ठाऊक नाही. बहुतेक जाईल. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही, खोटेपणा या घरात पुष्कळ झाला.

पण एक गोष्ट तुझ्या मर्जीवर नाही. टीमला एक पत्र: नवव्या फेरीला बोर्डावर एक होता, किसनसिंग राठोड यांची चूक नव्हती. त्याची एक प्रत भगवानरावांना, एक पुसदला. छापलेलं चालेल. सही मात्र तुझ्या हाताची, कशीही येवो. ते पत्र गेलं की नाही, एवढंच मला लिहून कळव. हो किंवा नाही. कारणं नकोत, फोन नको, आणि रडण्याचा आवाज पाठवू नकोस.

हे पत्र स्पीड पोस्टाने जातं आहे, मंगळवारी तुझ्या हातात पडेल. तुझं लेखी उत्तर शनिवार, २० डिसेंबर २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात हवं. त्यानंतर आलेलं तुझं कुठलंही पाकीट मी उघडणार नाही.

शीला मनवर